मॅमोग्राफी : चित्र आणि ते वाचणारी नजर

स्तनाच्या कर्करोगाचे निदान क्ष-किरणांनी (म्हणजेच मॅमोग्राफीने) करता येईल, हा विचार प्रथम नेटाने तपासला तो बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमोन यांनी. शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे 3,000 स्तनांची क्ष-किरण चित्रे घेऊन त्यांनी 1913 मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्या चित्रांत मिठाच्या कणांएवढे बारीक ठिपके त्यांना दिसले होते. ते कॅल्शियमचे कण होत, आणि आजही रेडिओलॉजिस्ट, म्हणजे क्ष-किरण चित्रे वाचणारे डॉक्टर, त्यांचा शोध घेतात. सालोमोन ज्यू होते. नाझी राजवटीत त्यांना पद सोडावे लागले आणि पुढे छळछावणीही भोगावी लागली, हे या इतिहासात विसरता कामा नये. कॅल्शियमच्या कणांचे निदानातील महत्त्व 1950 च्या सुमारास उरुग्वेच्या राउल लेबोर्न यांनी ठामपणे मांडले. 1960 मध्ये ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी इतरांनाही शिकता येईल अशी चित्रणाची रीत घालून दिली, आणि त्याच दशकात न्यूयॉर्कमध्ये सुमारे 62,000 स्त्रियांवर या तपासणीची पहिली मोठी चाचणी सुरू झाली.

चित्र सुधारत गेले, तरी ते वाचणाऱ्याच्या अचूकतेचा प्रश्न शिल्लक होता. सॅन फ्रान्सिस्कोचे हेन्री गारलँड यांनी 1949 मध्येच छातीच्या एक्स-रेबाबत तो उघडपणे मांडला होता: अनुभवी डॉक्टरांच्या नजरेतूनही दोष असलेल्या फिल्मांपैकी सुमारे 30 टक्के निसटत होत्या, आणि तीच फिल्म पुन्हा दाखवली तर तोच डॉक्टर कधी कधी वेगळे मत देत होता. आपल्याच व्यवसायाबद्दल असे जाहीरपणे सांगायला मोठे धैर्य लागते.

मॅमोग्राफीच्या बाबतीत हेच चित्र 1994 मध्ये समोर आले. अमेरिकेत जोआन एल्मोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 150 स्त्रियांचे मॅमोग्राम 10 रेडिओलॉजिस्टना वाचायला दिले. कर्करोग असलेल्या स्त्रियांना पुढील तपासणीसाठी तातडीने पाठवण्याचे प्रमाण वाचणाऱ्यागणिक 74 ते 96 टक्के असे बदलले, तर कर्करोग नसलेल्यांच्या बाबतीत ते 11 पासून थेट 65 टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे एखाद्या निरोगी बाईच्या वाट्याला बायोप्सीची (ऊतीचा नमुना काढून तपासण्याची) सुई आणि निकालापर्यंतच्या जागत्या रात्री येणार की नाही, हे तिची फिल्म कोणाच्या टेबलावर गेली यावर ठरत होते. अहवालाची भाषा सर्वत्र एकसारखी असावी म्हणून बायरॅड्स ही श्रेणीपद्धत 1993 मध्येच आली होती, पण समान शब्द वापरले म्हणून नजर समान होत नाही.

मॅमोग्राम वाचताना संशयास्पद जागा दाखवणारी संगणकाची मदत 1998 मध्ये अमेरिकेत मान्य झाली. मात्र 43 केंद्रांच्या 2007 मधील अभ्यासात या मदतीमुळे बायोप्सी जवळजवळ 20 टक्क्यांनी वाढल्या आणि कर्करोग सापडण्यात लक्षणीय भर पडली नाही. ही ठेच लागल्यामुळेच स्वीडनमधील मासाई चाचणीची मांडणी मला विशेष महत्त्वाची वाटते. तिथे कृत्रिम बुद्धिमत्तेने आधी जोखीम ठरवली, कमी जोखमीच्या फिल्मा एका डॉक्टरने आणि जास्त जोखमीच्या दोघांनी वाचल्या. सुमारे 80,000 स्त्रियांवरील 2023 च्या अंतरिम निष्कर्षांनुसार, प्रत्येक फिल्म दोघांनी वाचण्याच्या नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत वाचनाचा भार 44 टक्क्यांनी उतरला. दर हजारी 5 ऐवजी 6 कर्करोग सापडले, आणि नाहक परत बोलावल्या गेलेल्या स्त्रियांचे प्रमाण मात्र वाढले नाही.