एका तासाची सात वर्षे : ‘इंटरस्टेलर’मागचे गणित

बाप अंतराळातून परततो आणि लेकरे त्याच्याहून म्हातारी झालेली असतात, ही कल्पना सिनेमावाल्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. १९११ साली फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांनी प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ जाणारा प्रवासी मांडला. त्याची जाऊन-येऊन दोन वर्षे, पृथ्वीवर दोनशे. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी सिझियमची अतिअचूक अणुघड्याळे प्रवासी विमानांतून जगाभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. वेग आणि गुरुत्वाकर्षण यांनी काळाची गती बदलते, हे तत्त्व खरे ठरले. मात्र एवढ्याशा फरकाने कोणाची ताटातूट होत नाही.

‘इंटरस्टेलर’ या चित्रपटाची (२०१४) जुळवाजुळव निर्मात्या लिंडा ओब्स्ट आणि भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी सुरू केली. तेव्हा दिग्दर्शक स्पीलबर्ग होते आणि जोनाथन नोलन यांच्या पटकथेत नायक कूपरचे लेकरू मर्फ हा मुलगा होता. पुढे दिग्दर्शक झालेल्या ख्रिस्तोफर नोलन यांनी मर्फची मुलगी केली आणि एक अट घातली : कूपर कृष्णविवराजवळच्या ज्या ग्रहावर उतरतो, तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे. म्हणजे काळ जवळजवळ ६१,००० पट मंद. थॉर्न यांना आधी हे अशक्यच वाटले, आणि ते साहजिक होते. न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती सर्वांत आतल्या स्थिर कक्षेतसुद्धा तासाला पृथ्वीवर जेमतेम एक तास पंचवीस मिनिटे होतात. त्याहून आत गेले की ग्रह विवरात पडणारच.

उत्तर सापडले ते फिरकीत. विवर जितके जास्त फिरेल तितकी स्थिर कक्षा आत सरकते. हिशेब जमायला गार्गांचुआ या चित्रपटातल्या विवराची फिरकी कमाल मर्यादेच्या इतकी जवळ हवी, की उरलेला फरक एकावर चौदा शून्ये असलेल्या संख्येतला एक भाग. निसर्गात असे विवर असणे जवळपास अशक्य. शक्यतेच्या कडेवर बसवलेला हा आकडा आहे. वस्तुमान दहा कोटी सूर्यांएवढे घेतले, कारण हलक्या विवराच्या भरती-बलाने, म्हणजे जवळच्या आणि दूरच्या बाजूंवरच्या असमान ओढीने, ग्रहाच्या चिंधड्या झाल्या असत्या.

साडेतीन तासही न होणारा त्या ग्रहावरचा मुक्काम २३ वर्षे ४ महिने ८ दिवसांना पडतो. घरून आलेले, साचलेले निरोप कूपर एका बैठकीत पाहतो. त्यांना उत्तर देण्याची सोय नाही, कारण निरोप येतात, जात नाहीत. कुटुंबाची किंमत या दृश्यात मोजली जाते, आणि ती अट घातली नसती तर एवढी वर्षे साचलीच नसती.

पडद्यावरच्या विवराची फिरकी मात्र कमालच्या ०.६ पटच धरली. खऱ्या फिरकीने त्याची एक बाजू चपटी दिसली असती. डॉप्लर परिणामही (वेगाने जवळ येणारा प्रकाशस्रोत उजळ, दूर जाणारा मंद दिसणे) वगळला, नाहीतर विवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या चकतीची एक बाजू लखलखीत आणि दुसरी अंधारी झाली असती.