नेतृत्वशैली आणि अंमलबजावणी: गोव्यातली ऑफिसं, पंचायती आणि सरकारी योजना

नेतृत्वशैली म्हणजे वरच्या माणसाची काम करून घ्यायची पद्धत. निर्णय तो एकटा घेतो की चार जणांना विचारतो, चूक झाली की सगळ्यांसमोर झापतो की बाजूला घेऊन सांगतो, काम सोपवल्यावर सोपवलेलं राहू देतो की रोज फोन करून मागे लागतो, हे सगळं त्यात आलं. कंपनीत त्याचा परिणाम पगारावर काम करणाऱ्या माणसांवर होतो, सरकारात तो योजनेवर होतो आणि शेवटी काउंटरपुढे फॉर्म घेऊन उभ्या असलेल्या माणसापर्यंत जातो. गोव्यासारख्या लहान राज्यात हे फार जवळून दिसतं, कारण इथे वरचा माणूस आणि खालचा माणूस यांच्यात अंतरच कमी आहे.

अभ्यासाची सुरुवात बहुतेक जण कर्ट लेविन यांच्यापासून धरतात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत शाळकरी मुलांचे गट करून प्रयोग केले, ते १९३९ साली छापून आले. गटांना तीन तऱ्हांचे पुढारी दिले: हुकूम सोडणारा, सगळ्यांना विचारून चालणारा आणि काहीच न करता बसून राहणारा. हुकूमवाल्याच्या गटात काम भरपूर झालं, पण तो खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं, विचारून चालणाऱ्याच्या गटात मात्र तो नसतानाही मुलं कामाला लागलेली असायची. पुढे १९७८ मध्ये जेम्स मॅक्ग्रेगर बर्न्स यांनी देवघेवीचं नेतृत्व आणि माणूस बदलणारं नेतृत्व असा फरक मांडला, आणि १९८० मध्ये मायकेल लिप्स्की यांनी दाखवून दिलं की धोरण कागदावर काहीही असो, लोकांच्या वाट्याला तेच येतं जे काउंटरवरचा कारकून, शाळेतला मास्तर, नाक्यावरचा पोलीस प्रत्यक्षात करतो. थिअरी अजून पुष्कळ आहेत, पण गोव्याचं समजायला एवढ्या पुरतात, आणि त्यातही साहेब खोलीबाहेर गेल्यावर काय होतं हा लेविनचा प्रश्न मला सगळ्यात कामाचा वाटतो.

हॉटेल आणि कारखाना

कळंगुट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलचं किचन डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बघा. केओटी, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या, एकामागून एक येत असतात, शेफ ओरडतो, बाकीचे येस शेफ म्हणतात आणि हात चालतात. तिथे बसून चर्चा करायला वेळच नसतो आणि कुणाची तशी अपेक्षाही नसते. पण त्याच किचनमध्ये सकाळी माल उतरवणाऱ्या पोराला इसवणाचा (सुरमईचा) वास बरा नाही असं कळलं, आणि मागच्या वेळी तोंड उघडल्यावर "तुला विचारलं कोणी?" असं ऐकून घ्यावं लागलं असेल, तर तो गप्प बसणार आणि मासळी फ्रीजमध्ये जाणार. म्हणजे गर्दीच्या वेळी जो आवाज कामाचा तोच सकाळी माल घेताना धोक्याचा. चांगला शेफ हे दोन वेगळे ठेवतो, सकाळच्या ब्रीफिंगमध्ये सगळ्यात नव्या पोराला आधी बोलू देतो आणि रात्री सर्व्हिस सुरू झाली की मग स्वतःचंच चालवतो. जून ते सप्टेंबर ऑफ सीझनला नवी माणसं तयार करायची असतात, तेव्हा तर ओरडून काहीच होत नाही, कारण झारखंड, ओडिशा, नेपाळहून आलेला माणूस दुसरीकडे पाचशे रुपये जास्त मिळाले की बॅग उचलतो, त्याला थांबवतो तो सांभाळून घेणारा सुपरवायझर.

वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या फार्मा कंपन्यांत शैलीपेक्षा एसओपी, म्हणजे कामाची लेखी ठरलेली पद्धत, मोठी, तिथे सगळं लिहून ठेवलेलं असतं आणि सही लागते. तरी चूक झाली की ती लपवायची की सांगायची, हे शिफ्ट इनचार्जच्या तोंडाकडे बघून ठरतं. पात्रांव (मालक) म्हणेल ते, ही सवय जुनी आहे, भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) या नात्यातून ती आपल्याकडे मुरलेली आहे. त्यात सांभाळून घेण्याची बाजूही होती हे खरं, पण उलट बोलायची सोय नव्हती.

लहान राज्य, जवळचा नेता

विधानसभेच्या ४० जागा आणि २०२२ च्या निवडणुकीत सुमारे साडेअकरा लाख मतदार, म्हणजे एका आमदारामागे साधारण २८-२९ हजार मतदार. इतक्या लोकांची लग्नं, बारशी, मयतं आमदाराला करता येतात आणि तो करतोच. त्यामुळे दाखला अडला की माणूस मामलेदाराच्या ऑफिसात जायच्या आधी आमदाराच्या घरी जातो. काम होतं, लवकर होतं, पण ते फोनवर होतं, आणि ज्या टेबलावर ते मुळात व्हायला हवं होतं तिथल्या माणसाला एकच शिकवण मिळते की फोन आल्याशिवाय हलायचं नाही. गृह आधार योजना २०१२ साली सुरू झाली, घर चालवणाऱ्या बायकांना सुरुवातीला महिन्याला १००० रुपये, नंतर १५००. योजना चांगलीच, माझ्या ओळखीतल्या किती घरांत त्या पैशावर गॅस आणि शाळेची फी निघते. पण फॉर्म आमदारांच्या ऑफिसातून भरून घ्यायची पद्धत पडली आणि हक्काची गोष्ट उपकारासारखी झाली, हे मनाला लागतं.

दयानंद बांदोडकर, म्हणजे सगळ्यांचे भाऊ, हे या जवळच्या नेतृत्वाचं पहिलं आणि मोठं उदाहरण. डिसेंबर १९६३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. पोर्तुगीज राजवटीत जिथे शाळा नव्हती अशा गावांत मराठी प्राथमिक शाळा झपाट्याने निघाल्या, पेडणे, सत्तरी, काणकोणच्या वाड्यावाड्यांवर मास्तर पोचले. १९६४ साली कूळ कायदा आला. भाऊ १२ ऑगस्ट १९७३ ला पदावर असतानाच गेले. पुढे त्यांच्यानंतरच्या मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकर यांच्या काळात १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती झाली, जिने कसणाऱ्याला जमिनीचा मालक ठरवलं.

आता या दोन कामांचा फरक बघण्यासारखा आहे. शाळा उघडायला जागा, मास्तर आणि वरून जोर एवढं पुरतं, आणि एकदा उघडली की ती रोज सकाळी भरतेच. कुळाला जमीन द्यायची तर प्रत्येक सर्व्हे नंबरची केस मामलेदाराकडे, नोटीस, साक्षी, अपील, आणि त्यात मामलेदाराला बाकीची पन्नास कामं. नेता कितीही तळमळीचा असला तरी त्याची तळमळ त्या टेबलापर्यंत जाऊन थांबते. २०१४ मध्ये केसेस दिवाणी कोर्टाकडे नेणारी दुरुस्ती झाली, तिला जोरदार विरोध झाला. आजोबांनी लावलेली केस नातू चालवतोय अशी घरं आमच्याकडे आहेत.

मनोहर पर्रीकर यांचं काम वेगळ्या धाटणीचं. फाईल स्वतः वाचायची, आकडा स्वतः तपासायचा, अधिकाऱ्याला रात्री उशिरासुद्धा फोन. २००४ मध्ये इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला तेव्हा पणजीत कामं ज्या वेगाने उभी राहिली ती याच पद्धतीमुळे. साळगावचा कचरा प्रकल्प त्यांनी २०१२ नंतर मुख्यमंत्री असताना हातात घेतला, तो मे २०१६ मध्ये सुरू झाला तेव्हा ते दिल्लीत संरक्षणमंत्री होते. जिथे आधी कचऱ्याचा डोंगर होता तिथेच दिवसाला १०० टनांचा प्लांट उभा राहिला. पण सगळं एका टेबलावरून जायला लागलं की ते टेबल रिकामं झालं तर काय, हे २०१८ मध्ये दिसलं. ते उपचारासाठी परदेशी गेले तेव्हा तीन मंत्र्यांची सल्लागार समिती नेमावी लागली, आणि फायली अडल्याची ओरड मार्च २०१९ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत चालूच राहिली. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे, आजारपणातही ते काम करत राहिले, पण हाताखालच्यांना ठरवायची सवय लागली नव्हती हेही तितकंच खरं.

साळगावशी तुलना करायला मडगावचा सोनसोडो कचरा डेपो आहेच. राज्य तेच, कायदा तोच, कचराही तसाच, आणि तिथे वर्षानुवर्षं ढीग वाढत गेला, मे २०१९ मध्ये मोठी आग लागली, धूर दिवस दिवस आसपासच्या घरांत, प्रकरण हायकोर्टात. नगरपालिकेत नगराध्यक्ष बदलत राहतात, चीफ ऑफिसर बदलतात, कॉन्ट्रॅक्टर बदलतो आणि शेवटी जबाबदार कोण हे कुणालाच सांगता येत नाही. लेविनचा तिसरा पुढारी, तो काहीच न करणारा, सरकारात बऱ्याचदा एक माणूस नसतो, अशी माणसांची रांग असते.

लोकांना विचारून

२००६ साली प्रादेशिक आराखडा २०११, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा नकाशा, अधिसूचित झाला, लोकांना नकाशे कळले तेव्हा गावंच्या गावं पेटून उठली, गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. वरून लादलेलं गोव्यात चालत नाही याचा यापेक्षा स्पष्ट दाखला नाही. नंतर वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया ज्यात होते तो टास्क फोर्स नेमला गेला, आराखडा २०२१ चा मसुदा पंचायतींकडे गेला, लोकांनी आपापल्या गावाचे डोंगर, खाजन (खाडीलगतची बांध घातलेली शेतजमीन), झरे नकाशावर दाखवून दिले. रविवारच्या ग्रामसभा दुपारपर्यंत चालायच्या, म्हातारी माणसं उठून बांध कुठून जातो ते सांगायची. आणि २०१२ मध्ये तो आराखडाही बाजूला ठेवला गेला. विचारून घेतलेलं पाळलं नाही तर न विचारण्यापेक्षा जास्त नुकसान होतं, पुढच्या वेळी तो म्हातारा उठत नाही.

या सगळ्यात मधली एक वाट कोकण रेल्वेने दाखवली. १९९० मध्ये कॉर्पोरेशन झालं, ई. श्रीधरन प्रमुख. मार्गाचे सात भाग करून प्रत्येकावर एक चीफ इंजिनिअर, त्याला जागेवर निर्णय घ्यायचे अधिकार, आणि काम संपायला किती दिवस उरले ते दाखवणारी उलटी घड्याळं ऑफिसांत. पेडण्याच्या बोगद्यात माती कोसळायची, तिथे प्रत्येक वेळी मुख्यालयाला विचारत बसले असते तर काम आणखी रखडलं असतं. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. पण गोव्यात खाजनांतून आणि वस्तीजवळून मार्ग नेण्यावरून मोठं आंदोलन झालं होतं, आणि आपलं म्हणणं ऐकलं गेलं नाही ही भावना कित्येकांच्या मनात राहिली. इंजिनिअरांवर टाकलेला विश्वास गावांवरही टाकला असता तर बरं झालं असतं.

बदली आणि काउंटर

गोव्याला स्वतःचं आयएएस केडर नाही, अरुणाचल, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेशांबरोबरचं एजीएमयूटी केडर आहे. कलेक्टर, सेक्रेटरी दिल्लीहून, अंदमानहून येतात आणि दोन-तीन वर्षांत जातात. मामलेदार, बीडीओ (गटविकास अधिकारी), तलाठी, युडीसी, एलडीसी (वरचे आणि खालचे कारकून) मात्र इथलेच. म्हणून वरच्या साहेबाने काय सुरू केलं यापेक्षा तो गेल्यावर काय उरलं ते बघावं लागतं. २०१३ मध्ये ठरलेल्या मुदतीत सेवा द्यायचा कायदा आला. ऑक्टोबर २०२० पासून स्वयंपूर्ण गोवा उपक्रमात सरकारी अधिकारी स्वयंपूर्ण मित्र म्हणून पंचायतींत जातात, राज्यात पंचायती १९१ आहेत. जिथे मित्र म्हणून आलेला अधिकारी ऐकून घेतो आणि खात्यात परत जाऊन पाठपुरावा करतो तिथे कामं झालेली दिसतात, जिथे तो फोटो काढून रिपोर्ट पाठवतो तिथे नाही.

एका तालुक्याच्या ऑफिसात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या बाईला खिडकीतून सांगायचे, "आई, सायब मिटिंगला गेलेत, सोमवारी या." ती पदर सावरत परत बसस्टॉपवर. पुढे चार्ज बदलला, नव्या माणसाने साहेब नसताना कुठल्या दोघांनी सही करायची ते ऑर्डर काढून ठरवलं आणि त्या दोघांची नावं खिडकीवर लावली. माणसं तीच, खुर्च्या त्याच, पण दाखला त्याच दिवशी मिळायला लागला. त्या साहेबाची नंतर बदली झाली, ऑर्डर मात्र फाईलमध्ये आहे आणि नावांचा कागद अजून खिडकीवर आहे.