मणी, मेण आणि लाकूड : विचोल कलेची पार्श्वभूमी

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा, तेपिक किंवा प्वेर्तो वायार्ता या शहरांत हस्तकलेच्या दुकानात शिरले, की लाकडात कोरलेले जग्वाराचे मुंडके हमखास दिसते. त्यातले लाकूड मात्र कुठेच दिसत नाही, कारण कानाच्या टोकापासून जबड्यापर्यंत ते रंगीत काचमण्यांनी मढवलेले असते. हे काम विचोल लोकांचे. ते स्वतःला विर्रारिका म्हणवतात आणि पश्चिम सिएरा माद्रेच्या डोंगरांत, मुख्यतः हालिस्को, नायारित आणि दुरांगो या राज्यांत राहतात. विक्रेते या वस्तूंचे वर्णन 'शेकडो वर्षांची परंपरा' असे सरसकट करतात, ते निम्मेच खरे आहे. मेणात मणी रोवण्याची रीत जुनी आहे; लाकडी जनावर मण्यांनी मढवण्याची चाल मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बाजाराच्या मागणीतून रुजली.

या कलेचे मूळ लाकडात नसून वाळवलेल्या भोपळ्याच्या वाटीत आहे. देवांना वाहायच्या या वाटीला विर्रारिका भाषेत 'रुकुरी' म्हणतात. वाटीच्या आतल्या बाजूला मेण लावून त्यात मणी, मक्याचे दाणे, कधी नाणी बसवून हरणाची, मक्याच्या रोपाची किंवा माणसाची आकृती केली जाते. देव त्या वाटीतून भक्ताची प्रार्थना पितात अशी श्रद्धा असल्यामुळे आकृती म्हणजे शोभा नसून मागणे असते. पाऊस हवा असेल तर साप आणि पीक हवे असेल तर मका, इतका तो व्यवहार थेट आहे. काचमणी येण्यापूर्वी बिया, हाड, शिंपले आणि दगड यांचे मणी वापरले जात. काचमणी स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोत आले आणि व्यापारातून हळूहळू डोंगरात पोचले. नायारचा डोंगराळ मुलूख स्पॅनिश सत्तेच्या हाती १७२२ मध्ये, म्हणजे मेक्सिको शहर पडल्यानंतर दोनशे वर्षांनी लागला. इथले जुने विधी इतके का टिकले, याचे बरेचसे उत्तर या उशिरात आहे. नॉर्वेचा संशोधक कार्ल लुमहोल्ट्झ १८९० च्या दशकात न्यू यॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीसाठी या भागात फिरला. विचोल प्रतीकांवरचा त्याचा अभ्यास १९०० मध्ये छापला गेला आणि त्यात मणी लावलेल्या या वाट्यांची तपशीलवार नोंद आहे.

देवघरातली वस्तू बाजारात आली ती विसाव्या शतकाच्या मध्यानंतर, आणि आधी आली ती मण्यांची नव्हे तर लोकरीची. फळीवर मेण थापून त्यात रंगीत धागा दाबून केलेली चित्रे १९५० आणि १९६० च्या दशकांत शहरी गिऱ्हाइकांपर्यंत पोचली. ग्वादालाहाराला लागून असलेल्या सापोपान येथील फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी त्यांच्या विक्रीला हातभार लावला, तर रामोन मेदिना सिल्वा या कलाकाराने चित्रांत पुराणकथा सविस्तर मांडायला सुरुवात केली. पुढे विचोल, कोरा आणि तेपेवान या तीन जमातींसाठी सरकारने 'प्लान विकोत' ही विकास योजना राबवली. धावपट्ट्या झाल्या, डोंगर आणि शहर यांच्यातले अंतर कमी झाले. नायारितच्या किनाऱ्यावरच्या तंबाखूच्या मळ्यांत मजुरीला जाणाऱ्या कुटुंबांना हस्तकला हा त्यापेक्षा बरा पर्याय वाटला, यात नवल नाही. याच काळानंतर मणी वाटीबाहेर पडले आणि मुखवटे, हरणे, सरडे, जग्वार यांच्यावर चढले. कोरलेले लाकूड पुष्कळदा दुसऱ्या कारागिरांकडून विकत घेतले जाते. विचोल कारागिराचे काम त्यानंतर सुरू होते.

ते काम जवळून पाहण्याजोगे आहे. मधमाशीच्या मेणात पाइनचा चीक मिसळून ते मिश्रण उबेने मऊ करतात आणि लाकडावर पातळ थापतात. मग सुईच्या टोकावर एक मणी उचलायचा, भोक वर येईल असा मेणात दाबायचा आणि त्याला खेटून दुसरा. मणी आपल्या मंगळसूत्रातल्या बारीक काळ्या मण्यांएवढा किंवा त्याहूनही लहान असतो. बहुतेक कारागीर आधी आकृतीची कड बसवतात आणि मग पोट भरतात. मोठ्या मुंडक्याला कित्येक आठवडे लागतात, आणि असा नग कडक उन्हात ठेवला तर मेण मऊ होऊन मणी सरकतात. मण्यांसाठी आधी बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक देशाच्या मालावर भिस्त होती. पुढे एकसारख्या आकाराचे जपानी मणी आले आणि नक्षी अधिक रेखीव झाली.

वस्तू बदलली तरी चिन्हे तीच राहिली. हरीण, मका आणि हिकुरी म्हणजे पेयोते हा निवडुंग या तिघांना विर्रारिका श्रद्धेत एकरूप मानले जाते, त्यामुळे जग्वाराच्या कपाळावर हिकुरीचे फूल उमलते आणि गालावर हरीण असते. जग्वार विकण्यासाठी घडवला म्हणून ही नक्षी खोटी ठरवणे मला पटत नाही, पण तिला विधीची वस्तू म्हणून विकणेही प्रामाणिक नव्हे.

पुढे कामाचा आवाका वाढतच गेला. सांतोस दे ला तोरे यांचे मण्यांचे मोठे भित्तिचित्र १९९७ मध्ये पॅरिसच्या मेट्रोत, लूव्र संग्रहालयाजवळच्या स्थानकात लागले. २०१० मध्ये हालिस्को आणि नायारितमधल्या दोन कुटुंबांतील आठ कारागिरांनी एक आख्खी फोक्सवॅगन बीटल वीस लाखांहून अधिक मण्यांनी मढवली. मेक्सिकोत या गाडीला 'वोचो' म्हणतात, म्हणून तिचे नाव पडले 'वोचोल'.

विर्रारिका यात्रेकरू आजही सान लुइस पोतोसीच्या वाळवंटातल्या विरिकुता या पवित्र भूमीपर्यंत जातात. त्यांचा हा यात्रामार्ग २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. वाटेतल्या झऱ्यांपाशी आणि पवित्र ठिकाणी देवांसाठी ठेवायला भोपळ्याच्या वाट्या अजूनही लागतात, आणि त्यांतले मणी मेणातच रोवलेले असतात.