फायकोबिलिसोमांची गतिशीलता

सायनोबॅक्टेरियांच्या (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंच्या) थायलॅकॉइड पटलावर, म्हणजे पेशीत जेथे प्रकाशसंश्लेषण घडते त्या पातळ पडद्यावर, प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनसंकुलांच्या सरकण्याला फायकोबिलिसोमांची गतिशीलता म्हणतात. गोव्यात मानशीतून (भरतीचे पाणी आत घेण्याच्या दारातून) पाणी घेतलेल्या मिठाच्या आगरांच्या तळाशी जी चिवट हिरवट साय धरते, तिच्यात हे जीवाणू विपुल असतात. साय गोठवून वितळवली की निळा रंग पाण्यात उतरतो आणि हरितद्रव्य मागे राहते. कारण फायकोबिलिसोम पटलात रुतलेले नसून त्याच्या पृष्ठावर बसलेले असतात. अ‍ॅलोफायकोसायनिनचा गाभा आणि त्यातून पंख्यासारख्या निघालेल्या फायकोसायनिनच्या कांड्या (दोन्ही निळसर रंगाची प्रथिने) अशी त्यांची सर्वसाधारण रचना आहे. 1966 मध्ये गँट व काँटी यांनी पॉर्फिरिडियम या तांबड्या शैवलात त्यांचे वर्णन केले.

मलिनो व सहकाऱ्यांनी 1997 मध्ये डॅक्टिलोकोकॉप्सिस सलायना या अतिखाऱ्या पाण्यातील, लांबट पेशींच्या जातीत हालचाल मोजली. पेशी अगारवर स्थिर करून तीव्र लेसरने तिच्यावर आडवी पट्टी विरंजित (न चमकणारी) करतात आणि पट्टीतील अनुस्फुरण, म्हणजे शोषलेल्या प्रकाशातून परत सोडला जाणारा प्रकाश, किती वेगाने परतते ते पाहतात. फायकोबिलिसोमांसाठी 633 नॅनोमीटरचा तांबडा लेसर सोयीचा असतो. पट्टी रुंदावत उथळ झाली तर ते विसरण, म्हणजे संकुलांचे आपोआप पसरणे, होय. सिनेकोकॉकस या दुसऱ्या सायनोबॅक्टेरियात विसरण गुणांक सुमारे 0.03 चौ. मायक्रोमीटर प्रतिसेकंद आढळला. म्हणजे एका दिशेने सेकंदात साधारण पाव मायक्रोमीटर. फायकोबिलिसोम ज्यांना ऊर्जा पुरवतात त्या पटलातील दोन प्रथिनसंकुलांपैकी एक, प्रकाशप्रणाली 2, मात्र जवळजवळ जागची हलत नाही, त्यामुळे फायकोबिलिसोम व तिचा जोड तात्पुरता असावा, असे अनुमान निघाले.

यावरच वाद आहे. तीव्र लेसरने फायकोबिलिसोम पटलापासून सुटू शकतात. शिवाय मंदावलेले अनुस्फुरण संकुल न हलताही परतते. तांबड्या शैवलातील 2009 च्या अभ्यासाने परतीचे श्रेय मुख्यतः अशा अंतर्गत प्रक्रियांनाच दिले. म्हणून संपूर्ण पेशी विरंजित करून पाहणे अत्यावश्यक ठरते : भरपाईला अविरंजित भाग उरलेला नसतानाही प्रकाश परतला, तर ते विसरण नव्हे. सायनोबॅक्टेरियांपुरता हालचालीचा पुरावा अधिक भक्कम वाटतो. तिच्या कार्याबद्दल तसे म्हणता येत नाही.

अवस्था-संक्रमणात, म्हणजे दोन प्रकाशप्रणालींमधील ऊर्जेच्या फेरवाटपात, फायकोबिलिसोम एकीकडून दुसरीकडे जातात, असे पूर्वी मानत. जोशुआ व मलिनो यांनी 2004 मध्ये संहत (दाट) द्रावणांनी हालचाल थांबवल्यावर संक्रमणही थांबल्याचे दाखवले. कॅल्झाडिया व किरिलोव्स्की यांच्या अलीकडच्या कामानुसार मात्र हे संक्रमण मुख्यतः प्रकाशप्रणाली 2 मधील अनुस्फुरणाच्या शमनाने (मंदावण्याने) होते, आणि त्याला फायकोबिलिसोमांची हालचाल लागत नाही.

संहत द्रावणांच्या तर्षण दाबाचा (ती पेशीतून पाणी ओढून घेतात त्याचा) हा परिणाम आगरातील नमुन्यांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. समुद्राचे पाणी सुमारे 3.5 टक्के क्षारांचे असते, तर मीठ धरू लागताना क्षारता 25 टक्क्यांच्या आसपास पोचते. असा नमुना गोड्या पाण्याने धुतला तर पेशी फुगतात किंवा फुटतात, आणि मोजलेली गती आगरातील राहत नाही. धुण्यासाठी त्याच खाचरातले गाळलेले पाणी वापरावे.