मोकळीक वेगळी, माघार वेगळी

डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत आले होते. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये गादीवरून उतरवून हद्दपार केलं आणि 1916 मध्ये तो रत्नागिरीतच वारला. त्याच्या समाधीपुढे थेन सेन यांनी आदरांजली वाहिली. आपल्याकडे या भेटीचं अप्रूप होतं ते थिबामुळे. जगात मात्र तेव्हा थेन सेन यांच्याकडे 'सुधारणा करणारा राष्ट्राध्यक्ष' म्हणून पाहिलं जात होतं, आणि ते वर्णन खोटं नव्हतं. चूक झाली ती त्यापुढच्या वाक्यात. 'म्यानमारमध्ये लोकशाही आली' असं सगळेच म्हणू लागले.

थेन सेन एप्रिल 2010 पर्यंत लष्कराच्या गणवेशात होते. गणवेश उतरवला, लुंगीसारखं लोंजी नेसले, पक्षाचे नेते झाले आणि मार्च 2011 मध्ये राष्ट्राध्यक्ष. या एका माणसाच्या कपडेबदलात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एक म्हणजे लष्करानं दिलेली मोकळीक. दुसरी म्हणजे लष्करानं सत्तेतून घेतलेली माघार. लांबून पाहिलं तर दोन्ही सारख्याच दिसतात: राजकीय कैदी सुटतात, वर्तमानपत्रं बोलू लागतात, निवडणुका होतात.

पुण्या-मुंबईत भाड्यानं राहिलेल्या माणसाला हा फरक चटकन कळेल. लीव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार असतो. मालक म्हणतो, भिंतींना हवा तो रंग द्या, पाहुणे ठेवा, गणपती बसवा. पण विजेचं मीटर त्याच्या नावावर आणि दुसरी किल्ली त्याच्या कनवटीला. खरेदीखत झालेल्या घरातही सुरुवातीला जुन्या मालकाची दोन कपाटं पडून असतात, महिन्या-दोन महिन्यांत तो ती घेऊन जातो. पहिल्या दिवशी आत शिरलेल्या पाहुण्याला मालकाचं सामान दोन्हीकडे दिसतं.

असं सामान दोन देशांच्या संसदेत दिसत होतं. इंडोनेशियात 1999 च्या निवडणुकीनंतर 500 जणांच्या संसदेत 38 जागांवर लष्कर आणि पोलिसांचे नेमलेले सदस्य बसले. म्यानमारमध्ये 2011 पासून कनिष्ठ सभागृहाच्या 440 पैकी 110 आणि वरिष्ठ सभागृहाच्या 224 पैकी 56 जागांवर हिरव्या गणवेशातले अधिकारी बसू लागले. एका गठ्ठ्यानं बसायचे, एका गठ्ठ्यानं मत द्यायचे, आणि सरसेनापतींच्या मनात आलं की त्यांच्या जागी दुसरे यायचे. तेव्हा एक युक्तिवाद वारंवार ऐकू यायचा: इंडोनेशियातही असंच होतं की, पाच वर्षांत गेले ते, म्यानमारमध्येही जातील. मलाही तो बरीच वर्षं पटत होता.

पटण्यासारखा होताच, कारण मूळ नमुनाच इंडोनेशियाचा. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या काळात तिथल्या लष्कराचं अधिकृत तत्त्व होतं 'द्विफुंग्सी'. यातलं 'द्वि' आपलंच, संस्कृतातून गेलेलं. दोन कामं: देशाचं रक्षण आणि देशाचा कारभार. त्या जोरावर सैनिकी अधिकारी राज्यपाल व्हायचे, कलेक्टरच्या तोडीच्या जागांवर बसायचे, सरकारी कंपन्या चालवायचे, संसदेतही यायचे. 1990 च्या दशकात ब्रह्मी जनरल हा नमुना निरखत होते. त्यांना हवं होतं नेमकं तेच: निवडणुका, विकास, परदेशी गुंतवणूक, आणि सगळ्याच्या वर लष्कर. गंमत अशी की त्यांनी तो घटनेत उतरवला तोवर इंडोनेशियानं तो मोडीत काढला होता.

म्यानमारची मोकळीक कुठून आली ते पाहू. 1990 च्या निवडणुकीत लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची यांच्या 'नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी' म्हणजे एनएलडी या पक्षानं 485 पैकी 392 जागा जिंकल्या होत्या, आणि लष्करानं तो निकाल गुंडाळून ठेवला. त्यातून जनरलांनी धडा घेतला की निवडणूक घ्यायची तर आधी घटना आपण लिहायची. 2003 मध्ये सात पायऱ्यांचा आराखडा जाहीर झाला, ध्येय 'शिस्तीतली लोकशाही'. 'शिस्तीतली' या शब्दावर तेव्हा लोक हसले. हसायला नको होतं. सगळा करार त्या एका विशेषणात होता. 2 मे 2008 ला नर्गिस चक्रीवादळानं ऐरावतीच्या त्रिभुज प्रदेशात लाखाहून अधिक माणसं नेली. प्रेतं पाण्यात तरंगत असताना, आठच दिवसांनी, 10 मे ला घटनेवर सार्वमत घेतलं गेलं. वादळग्रस्त भागात दोन आठवडे उशिरा. सरकारी आकडा: 92 टक्क्यांहून अधिक लोकांचा होकार.

या घटनेतलं कलम 436 बारकाईनं वाचावं असं आहे. महत्त्वाच्या तरतुदी बदलायच्या तर संसदेच्या 75 टक्क्यांहून अधिक सदस्यांची मतं हवीत. दोन्ही सभागृहं मिळून सदस्य 664, त्यांतले निवडून येणारे 498. आता 664 चे 75 टक्के काढा. बरोबर 498. आणि कलमात शब्द आहे 'अधिक'. म्हणजे देशातला एकूण एक निवडून आलेला सदस्य, सगळ्या पक्षांचा, एका बाजूला उभा राहिला तरी एक मत कमी पडतं, आणि ते गणवेशाच्या खिशात आहे. कुलूप करणाऱ्याच्या हातचलाखीला दाद द्यावी लागेल. ही अट 70 टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव 2015 मध्ये आला, पडला.

उरलेल्या तरतुदी त्याच घाटाच्या. संरक्षण, गृह आणि सीमा व्यवहार या तीन खात्यांचे मंत्री सरसेनापती सुचवणार. गृह म्हणजे पोलीस, आणि 2018 च्या अखेरीपर्यंत गावपातळीपासूनचं सगळं सामान्य प्रशासनही. नवा सरसेनापती नेमायचा तर अकरा जणांच्या राष्ट्रीय संरक्षण आणि सुरक्षा परिषदेची संमती लागणार, आणि त्या अकरांत सहा जण लष्कराचे. थोडक्यात, लष्करप्रमुख कोण हे लष्करच ठरवणार. ज्याचा नवरा किंवा मुलं परदेशी नागरिक आहेत त्याला राष्ट्राध्यक्ष होता येणार नाही, हे कलम कोणासाठी शिवलं होतं ते सांगायला नको.

हे सगळं खरं असलं तरी मोकळीक नाटकी होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. 2011 मध्ये थेन सेन यांनी चीनच्या पैशानं होणारं मित्सोन धरण लोकांच्या विरोधामुळे थांबवलं. 2012 मध्ये छापण्यापूर्वीची तपासणी बंद झाली, पुढच्या एप्रिलपासून खासगी दैनिकं निघू लागली. एकेकाळी हजार डॉलरच्या वर असलेलं मोबाइलचं सिमकार्ड 2014 मध्ये पंधराशे क्यातला, म्हणजे साधारण दीड डॉलरला मिळू लागलं. पोरं रस्त्याच्या कडेला चहाच्या ठेल्यावर बसून फोनमध्ये जग पाहू लागली, ते खरंच होतं. भिंतींना रंग लागलाच होता.

आणि भाडेकरूनं घर आपलं करायची खटपटही केली. नोव्हेंबर 2015 मध्ये एनएलडीनं बहुमत मिळवलं. सू चींना राष्ट्राध्यक्ष होता येत नव्हतं, तेव्हा को नी या वकिलांनी घटनेतली फट शोधली: राष्ट्राध्यक्षाच्या वर 'स्टेट कौन्सिलर' असं पद साध्या कायद्यानं तयार करता येतं. लष्कराच्या सदस्यांनी थयथयाट केला, पण पद झालं. 29 जानेवारी 2017 ला को नी परदेशाहून यांगून विमानतळावर उतरले. बाहेर गाडीची वाट पाहत, नातवाला कडेवर घेऊन उभे असताना मागून आलेल्या माणसानं त्यांच्या डोक्यात गोळी घातली. मारेकऱ्याचा पाठलाग करणारा एक टॅक्सीवालाही मारला गेला. कट रचणाऱ्यांत निवृत्त सैनिकी अधिकारी निघाले.

त्याच वर्षी राखाइन प्रांतात लष्करानं केलेल्या कारवाईतून सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळाले. सरकार मुलकी होतं, बंदूक मुलकी सरकारच्या ताब्यात नव्हती. पण म्हणून सू ची सुटत नाहीत. 2019 मध्ये त्या स्वतः हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन, वंशसंहाराच्या आरोपावर देशाची बाजू लढल्या, म्हणजे जे त्यांच्या हुकमानं झालं नव्हतं त्याचं वकीलपत्र त्यांनी आपणहून घेतलं. मोकळिकीत हेही होतं: भाडेकरूला मालकाचे गुन्हे पोटात घालावे लागतात.

आता इंडोनेशिया. तिथं लष्करानं कुठलाही आराखडा आखला नव्हता. 1997 च्या मध्यापर्यंत डॉलरला सुमारे 2,400 रुपिया पडत. पुढच्या जानेवारीत दर दहा हजारांच्या पलीकडे गेला. भाव भडकले, विद्यार्थी संसदेच्या छपरावर चढून बसले. 21 मे 1998 च्या सकाळी सुहार्तोंनी मर्डेका प्रासादात कागद वाचून राजीनामा दिला. 32 वर्षं काही मिनिटांत संपली. उपाध्यक्ष हबीबी यांनी लगेच शपथ घेतली. ते विमानं बांधणारे इंजिनिअर, लष्करातून आलेले नव्हते. लष्करप्रमुख विरांतो यांनी लष्कर माजी राष्ट्राध्यक्षांचं आणि त्यांच्या कुटुंबाचं रक्षण करील एवढं वचन दिलं. जनरल त्या दिवशी बचावाच्या पवित्र्यात होते, हा म्यानमारहून पहिला आणि माझ्या मते सर्वांत मोठा फरक. ब्रह्मी जनरलांनी बळाच्या शिखरावर बसून, आपल्या सोयीनं दार उघडलं. जकार्तात दार लोकांनी बाहेरून ढकललं होतं.

पुढची सहा वर्षं सामान बाहेर निघत राहिलं. 1999 मध्ये पोलीस लष्करापासून वेगळे झाले. संसदेतल्या लष्करी जागा शंभरावरून आधीच 75 वर आल्या होत्या, आता 38 झाल्या आणि 2004 मध्ये शून्य. संसदेच्याही वर, घटना बदलण्याचा अधिकार असलेली एक सर्वोच्च सभा होती; तिच्यातल्या त्यांच्या जागा 2009 पर्यंत चालतील असं आधी ठरलं होतं, पण त्याही 2004 मध्येच उठल्या. घटना चार वेळा बदलली, आणि या सभेत लष्कर अल्पमतात होतं. तिथं 498 चं गणित नव्हतं. लष्कराच्या संस्था आणि सहकारी सोसायट्यांमार्फत चालणारे धंदे सरकारनं ताब्यात घ्यावेत असा कायदा 2004 मध्ये झाला. अंमल अर्धामुर्धा झाला, हे खरं. म्यानमारमध्ये मात्र लष्कराच्या दोन मोठ्या कंपन्या खाणींपासून बिअरपर्यंत सगळ्यात पाय रोवून होत्या आणि त्यांच्या वह्या संसदेपुढे आल्याच नाहीत.

फरक जवळून पाहायचा तर फेब्रुवारी 2000 पाहा. विरांतो तोवर मंत्री झाले होते. इंडोनेशियातून बाहेर पडायला निघालेल्या पूर्व तिमोरमधल्या हिंसाचाराच्या चौकशीत त्यांच्यावर ठपका आला. राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद परदेश दौऱ्यावर होते, डोळ्यांनी जवळजवळ अधू, तब्येतीनं नाजूक. त्यांनी दावोसहून जाहीर केलं की विरांतोंनी राजीनामा द्यावा. जकार्तात बंडाच्या अफवा. वाहिद परतले, मागेपुढे झालं, आणि एका रात्री त्यांनी विरांतोंना निलंबित केलं. रणगाडे बाहेर आले नाहीत. एका अधू डोळ्यांच्या मौलानानं माजी लष्करप्रमुखाला घरी पाठवलं आणि तो गेला. दीड वर्षानं वाहिद यांनाही जावं लागलं, संसद बरखास्त करायचा त्यांचा हुकूम लष्करानं पाळलाच नाही. पण त्यांना हटवलं ते सर्वोच्च सभेनं.

म्यानमारमध्ये ही परीक्षा 2021 मध्ये झाली. आदल्या नोव्हेंबरात एनएलडीनं लढवल्या गेलेल्या 476 पैकी 396 जागा जिंकल्या होत्या. सरसेनापती मिन आँग ल्हाइंग जुलैत पासष्टीचे होऊन निवृत्त व्हायचे होते. 1 फेब्रुवारीच्या सकाळी राजधानी नेपिडोत एक व्यायामशिक्षिका नेहमीसारखी रस्त्यावर नाचाचा व्हिडिओ काढत होती. तिच्या मागे संसदेच्या रस्त्यानं काळ्या गाड्यांचा ताफा सरकत होता आणि तिला पत्ताही नव्हता. आणीबाणी पुकारायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांचा, म्हणून त्यांना पकडलं. मग लष्करानंच नेमलेले उपाध्यक्ष हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी कलम 417 खाली सही केली. सत्ता सरसेनापतींकडे. सू चींवर पहिला आरोप काय, तर घरात बेकायदा आयात केलेले वॉकीटॉकी सापडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यांगूनच्या घराघरांतून लोक भांडी बडवू लागले, घरातलं भूत पळवायला तिकडे तसंच करतात.

कुलूप तोडावं लागलं नाही, किल्ली होतीच. बंडाला जनरल बंड म्हणतच नाहीत. त्यांच्या लेखी ती घटनेची अंमलबजावणी.

इंडोनेशियाचं खरेदीखत तरी निर्वेध आहे का? नाही. गावोगाव नेमलेला सैनिक, ज्याला तिथं 'बाबिन्सा' म्हणतात, कधीच उठला नाही. पापुआत लष्कराचा हात मोकळाच आहे. 1998 मध्ये लष्करातून काढलेले प्राबोवो सुबियांतो 2024 मध्ये निवडून राष्ट्राध्यक्ष झाले, आणि मार्च 2025 मध्ये संसदेनं लष्कराचा कायदा बदलून सेवेतल्या अधिकाऱ्यांना बसता येईल अशा मुलकी जागांची यादी वाढवली. विद्यार्थी पुन्हा रस्त्यावर आले, तोंडी शब्द तोच, द्विफुंग्सी. मात्र हा बदल निवडून आलेल्या सभागृहात मतं घेऊन झाला, तो उलटवायला गणवेशातल्या एका मताची गरज नाही.

म्यानमारमध्ये 28 डिसेंबर 2025 पासून टप्प्याटप्प्यानं पुन्हा मतदान घेतलं गेलं. एनएलडी 2023 मध्येच बरखास्त झाली होती, त्यामुळे तिचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं. 110 आणि 56 या जागा मतपत्रिकेवर नव्हत्याच. त्या नेहमीप्रमाणे सरसेनापतींनी भरायच्या होत्या.