मोटरहोममागच्या गाडीचा ब्रेक: बसवण्याआधी आणि बसवल्यावर

नमस्कार मंडळी,

मोटरहोम (राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेतलं, मागे चारही चाकांवर ओढायला छोटी गाडी ठरली, टो बार (दोन्ही गाड्या जोडणारा दांडा) पण आला, की आम्हा ब्रेक बसवणाऱ्यांना फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, एवढं मोठं धूड आहे, त्याला स्वतःचे ब्रेक आहेत की, मग मागच्या गाडीला वेगळा ब्रेक कशाला? विचारताय ते बरोबरच आहे. पण मोटरहोमचे ब्रेक मोटरहोमच्या वजनासाठी केलेले असतात, मागच्या गाडीचं वजन त्यात धरलेलं नसतं. फोर्डच्या टोइंग गाइडमध्ये स्वच्छ लिहिलंय की मागचं वजन १५०० पाऊंडांच्या वर गेलं की त्याला स्वतःचा ब्रेक हवा. जीप रँग्लरच घ्या, चार हजार पाऊंडांच्या आसपास, म्हणजे साधारण १८०० किलो. ६० मैलांच्या स्पीडला आपण सेकंदाला ८८ फूट जातो, आणि तेवढ्यात पुढे कोणी करकचून ब्रेक मारला तर हे १८०० किलो मागून ढकलत असतात. कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ट्रेलरसाठी ३००० पाऊंडांची मर्यादा आहे, त्यावर वेगळा ब्रेक लागतो, कॅलिफोर्नियात १५०० ची, त्यामुळे राज्य ओलांडताना नियम बघून निघा.

आता दुसरा प्रश्न, जो जास्त महत्त्वाचा आहे: हे ब्रेक भरवशाचे असतात का?

आमचं मत सांगतो. मागच्या गाडीच्या ब्रेक पेडलसमोर ठेवायची, ते पेडल दाबणारी पेटी स्वतः सहसा दगा देत नाही, दगा देते ती तिच्या आजूबाजूची वायर, बॅटरी, पायाखालची मॅट. आणि लोकांना भीती असते ब्रेक लागला नाही तर काय याची, पण आमच्याकडे गाड्या येतात त्या बहुतेक उलट कारणाने, ब्रेक लागला आणि सुटलाच नाही.

आमच्या स्वतःच्या गाडीचं झालेलं सांगतो. कोलोरॅडोत इंटरस्टेट ७० हायवेवर आयझेनहॉवर टनेल आहे, ११ हजार फुटांवर, तिथून सिल्व्हरथॉर्नकडे सहा-सात टक्क्यांचा मोठा उतार लागतो. डिझेलचं मोटरहोम, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग कमी करणारा) चालू, पायाने ब्रेक जवळजवळ दाबलाच नाही, एकदम शिस्तीत उतरलो. खाली पंपावर थांबलो तर जळका वास, मागच्या गाडीची पुढची डिस्क निळी पडलेली आणि पॅड काचेसारखे गुळगुळीत झालेले. पेडलवरची पेटी वेग कमी होतोय हे बघून ब्रेक दाबते, तिला कुठे कळणार की वेग एक्झॉस्ट ब्रेकने कमी होतोय, तिने अख्खा घाट पेडल दाबून धरलं होतं. मोटरहोम एवढं जड की पुढे बसून काही म्हणता काही जाणवलं नाही.

म्हणून आम्ही आता दोन गोष्टी केल्याशिवाय पेटी देत नाही. एक, मोटरहोमच्या ब्रेक लाइटची वायर पेटीपर्यंत नेणं, म्हणजे तुमचा पाय ब्रेकवर नसेल तर पेटी दाबणार नाही (तुमच्या पेटीला ती सोय आहे का ते आधी बघतो). दुसरं, डॅशबोर्डवर एक साधा छोटा दिवा, जो मागच्या गाडीच्या पेडलच्या स्विचवर चालतो. पेडल खाली गेलं की दिवा लागतो, पाय काढल्यावर विझला नाही तर लगेच बाजूला घ्यायचं. बाकी घाटाचा आपला जुना नियम इथेही तोच, ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा.

प्रकार थोडक्यात. ब्रेक बडी, आरव्हीआय ब्रेक या काढता-घालता येणाऱ्या पेट्या, गाडी वरचेवर बदलणाऱ्यांना सोयीच्या. एअर ब्रेकचं मोटरहोम असेल तर एअर फोर्स वनसारखी कायमची सिस्टीम आम्हाला जास्त आवडते, ती तुमच्या ब्रेकच्याच हवेवर चालते त्यामुळे एक्झॉस्ट ब्रेकने फसत नाही, आणि पाय जितका जोरात तितकाच मागचा ब्रेक. रेडीब्रूटमध्ये मागची गाडी पुढे रेटते त्या दाबाने केबल ओढली जाते, बॅटरीची भानगड नाही, पण केबल सैल झाली की ब्रेक उशिरा लागतो, ती ताणून घेत राहावी लागते.

पेटीवाल्यांनी हे नीट वाचा. पेडल हलकं दाबता यावं म्हणून मदत करणारा ब्रेकचा व्हॅक्यूम इंजिन बंद असताना दोन-तीन वेळा दाबण्यापुरताच असतो, मग पेडल दगडासारखं होतं, आणि पेटीचा जोर त्या कडक पेडलच्या हिशोबाने सेट करायचा असतो. हायब्रिडमध्ये मात्र गाडी बंद दिसली तरी ब्रेकची मदत चालू राहू शकते, तिथे तोच जोर ठेवला तर चाकं जाम होऊन टायर घासतात. मॅट काढूनच पेटी ठेवा, मॅटवर ती सरकते. सीट पुढे घेऊन पेटीला घट्ट टेकवा. आणि बॅटरी! मागच्या गाडीची बॅटरी उतरली की ब्रेक पण गेला आणि गाडी सुटली तर आपोआप लागणारा ब्रेकअवे पण गेला, म्हणून मोटरहोमकडून चार्जिंगची वायर आम्ही ऑप्शनल धरतच नाही.

ब्रेकअवेची केबल टो बारला बांधू नका, मोटरहोमच्या फ्रेमला बांधा, टो बारच निसटला तर केबल त्याच्याबरोबर जाईल आणि तिच्या टोकाची पिन, जी निघाली की ब्रेक लागतो, ती निघणारच नाही. वळताना ताण येणार नाही इतकी ढील ठेवा. प्रत्येक ट्रिपआधी उभ्या गाडीत पिन ओढून पेडल खाली जातंय का बघा आणि लगेच परत लावा.

निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा मैलांत थांबा आणि टेंपरेचर गनने मागच्या गाडीच्या चारही डिस्क बघा. पुढच्या दोन मागच्यांपेक्षा गरम असणारच, पण ब्रेक न दाबता हायवेवर आलात तरी तापल्या असतील किंवा एकच चाक वेगळं तापलं असेल तर तसंच पुढे जाऊ नका. हात लावून बघू नका, चटका बसेल.

बसवायला येताना मोटरहोम आणि गाडी दोन्ही आणा, गाडीचं मॅन्युअल पण. त्यात चार चाकांवर ओढायची परवानगी नसेल तर आम्ही काम घेणार नाही, सीआर-व्ही २०१४ च्या मॉडेलपर्यंत चालायची, २०१५ ला सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आला आणि ते बंद झालं. घरातलं दुसरं कोणी गाडी चालवत असेल तर त्यांनाही घेऊन या, एकाने पुढे ब्रेक दाबायचा आणि एकाने मागे उभं राहून पेडल बघायचं, हे आम्ही दोघांकडून दोन-दोन वेळा करून घेतो, तासभर जास्त धरूनच या.