टचस्क्रीनवरचं बटण: ४४ की २४?

टचस्क्रीन फोन २००७ च्या आधीही होते, फक्त त्यांवर बोट अपेक्षित नव्हतं. पडदा दाबावर चालायचा आणि हातात स्टायलस असायची, म्हणून डेस्कटॉपचे बारीक चेकबॉक्स नि स्क्रोलबार तसेच्या तसे फोनवर आणले तरी निभायचं. आयफोनने स्टायलस काढून घेतली आणि सगळी कंट्रोल्स नव्याने आखावी लागली. बोटाने दाबायच्या बटणाचं किमान माप म्हणून ४४ हा आकडा रूढ झाला तो तिथून. त्या पहिल्या पडद्यावर ४४ पिक्सेल म्हणजे जेमतेम सात मिलिमीटर. अँड्रॉइडने पुढे ४८ डीपी (पडदा बारीक पिक्सेलचा असो वा जाड, साधारण तेवढंच भरणारं एकक) धरले, साडेसात मिलिमीटरच्या आसपास.

हे माप स्पर्शक्षेत्राचं आहे, चित्राचं नव्हे. अँड्रॉइडचा नेहमीचा आयकॉन २४ डीपीचा. त्याच्या चारी बाजूंना १२-१२ डीपीचं न दिसणारं पॅडिंग, म्हणजे मोकळी पण दाबता येणारी जागा. तयार कंट्रोल वापरलं तर ते बहुधा आपोआप मिळतं. ब्रँडच्या हट्टापायी बटण स्वतः रंगवायला घेतलं की सगळ्यात आधी तेच गळतं. २०१३ च्या आयओएस ७ ने तर बटणांच्या कडाच पुसल्या. पुढच्याच वर्षी बटणांचा आकार दाखवण्याची सोय सेटिंग्जमध्ये द्यावी लागली.

खरी रस्सीखेच झाली वेबवर. सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही वेब वापरता यावं यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषांत (डब्ल्यूसीएजी) २०१८ साली ४४ सीएसएस पिक्सेलची (वेबवरचं मोजमापाचं एकक) अट आली, पण एएए या सर्वांत कडक पातळीवर, जी सहसा कुणी मागतच नाही. २०२३ च्या २.२ आवृत्तीत एए या तिच्याखालच्या, सहसा मागितल्या जाणाऱ्या पातळीला अट आली ती २४ ची. त्यातही सवलती. वाक्यातल्या लिंका वगळलेल्या. शिवाय बटण लहान असलं तरी त्याच्या मध्यावर काढलेलं २४ पिक्सेल व्यासाचं वर्तुळ शेजारच्याला छेदत नसेल, तर पास. म्हणजे तक्त्याच्या ओळीत १६ पिक्सेलची पेन्सिल, ८ ची फट आणि लगेच १६ ची कचरापेटी हे नियमात बसतं! फोनवर त्या दोघींच्या मध्यांत जेमतेम चार मिलिमीटर अंतर, आणि टेकलेलं बोट सेंटीमीटरभर रुंद.

दाट तक्त्यांना ४४ झेपलं नसतं, काहीच नसण्यापेक्षा २४ बरे, हा युक्तिवाद खोटा नाही. पण किमान म्हणून ठेवलेला आकडा डिझाइन फाइलींत नेमका तेवढाच ठेवायचा आकडा होऊन बसला. त्यात अँड्रॉइडच्या २४ डीपी आयकॉनशी त्याची गल्लत होते, आणि ‘२४ तर दोन्हीकडे आहेच’ म्हणत ॲपमधलं ४८ चं पॅडिंगही छाटलं जातं.